दोन मीटर दोन सेंटिमीटर

मॅगझिनसाठी लेख मागायला संपादक मंडळातला आमचा मित्र खोलीवर आला, तेव्हा मी कॉटखालून एक सव्वा मीटर लांबीची काडी बाहेर काढत होतो. "हे काय रे? मासे पकडतोस?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "नाही, हा अँटेना आहे. याच्यावरच लिहितो." तो हसला. त्याला प्रेमकविता हवी होती. पण मित्रांनो, गेल्या वर्षभरात या काडीने मला जितकं रडवलं तितकं एम-थ्रीनेसुद्धा रडवलं नाही. तेव्हा प्रेमकविता पुढच्या अंकात.

सुरुवात सेकंड इयरला झाली. आमच्या ई अँड टीसी विभागातले एक सर (नाव लिहीत नाही, व्हायवा अजून बाकी आहे) हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम. एकदा लॅबमध्ये लाइट गेले तेव्हा त्यांनी २६ डिसेंबर २००४ ची गोष्ट सांगितली. त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद या हॅम बाई आपल्या चमूबरोबर पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. आल्या होत्या हौसेखातर, अंदमानातून जगभरच्या हॅमशी बोलायला. फोन बंद पडले आणि हौसेचा तो रेडिओ एकदम कामाचा झाला. बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोचवायला लागला. लाइट आले तरी आम्ही बसूनच होतो. त्या दिवशी मी आणि माझा रूममेट बारक्या (वजन ९२ किलो, नाव मेसमध्ये पडलेलं) दोघांनी ठरवलं, परीक्षा द्यायची. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही, थोडा अभ्यास आणि बरेच फॉर्म लागतात. यथावकाश आम्ही दोघे 'व्हीयू३' झालो.

सरांच्या जुन्या वॅगन-आरमध्ये २५ वॉटचा व्हीएचएफ सेट होता, दोन मीटर बँडचा. अँटेना मात्र कामचलाऊ होता. सर म्हणाले, "नवा घ्यायचाय. तुम्ही दोघं शोधा, तेवढाच तुमचा अभ्यास होईल." झालं! मला वाटलं, विद्यापीठाने आपल्याला पीएच.डी. बहाल केली.

सिव्हिल आणि मेकॅनिकलवाल्यांनी हा परिच्छेद गाळू नये, कारण पुढे येणारी तुळई तुमचीच आहे. भारतात हॅमना १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा मिळतो. ३०० ला १४५ ने भागा, तरंगलांबी आली साधारण २.०७ मीटर. म्हणून नाव 'दोन मीटर'. गाडीवरचा सर्वांत साधा अँटेना म्हणजे याच्या पावपट, अर्धा मीटरभर उभी तार. गाडीचा पत्रा हा त्याचा आरसा, तोच उरलेलं अर्धं काम करतो. दुसरा प्रकार पाच-अष्टमांश, म्हणजे जवळपास १.३ मीटर. तो आकाशाकडे वाया जाणारी शक्ती दाबून क्षितिजाकडे वळवतो. पुस्तकात पावपटीपेक्षा ३ डेसिबल जास्त, म्हणजे वॉट दुप्पट केल्यासारखं! मारुतीच्या टपावर प्रत्यक्षात तेवढं मिळत नाही, पण खोक्यावरचा आकडा वाचताना हे कोणाच्या लक्षात राहतं? मी तोच निवडला. तळाला भलंमोठं चुंबक, टपावर ठेवला की चिकटला. भोक नाही, बोल्ट नाही. मी खूश, सर खूश.

सरांच्या सोसायटीचं पार्किंग तळघरात आहे, ही गोष्ट मला माहीत होती. पण माहीत असणं आणि लक्षात असणं यात फरक असतो.

अँटेना लावल्याच्या तिसऱ्या दिवशी सरांना घरी सोडायला म्हणून मी सोबत गेलो. बोलता बोलता गाडी रॅम्प उतरली आणि वर 'टण्ण' असा आवाज झाला. मग 'खर्रर्र'. मग शांतता. अँटेना तुळईला अडकून आडवा झाला होता आणि चुंबकाने टपावर हातभर लांब चंद्रकोर काढली होती. आवाज ऐकून लिफ्टजवळ उभ्या असलेल्या मॅडम आल्या. त्यांनी ओरखड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "चहा घेऊन जा." मित्रांनो, त्या चहाला मी कधीच विसरणार नाही.

यावर मी काढलेला उपाय माझ्या दृष्टीने अगदी सोपा होता. रॅम्प उतरायच्या आधी अँटेना काढून डिकीत ठेवायचा, वर आल्यावर पुन्हा लावायचा. दोन मिनिटांचं काम. सर म्हणाले, "रोज?" मी म्हटलं, "त्यात काय सर! सवय होईल." सर काही बोलले नाहीत. ते बोलत नाहीत तेव्हा ऐकायला हवं, हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या वर्षी जुलैमध्ये आमच्या बॅचचा राजगड ट्रेक ठरला. बावीस जण. गुंजवण्यातून चोर दरवाजाने पद्मावती माचीवर चढायचं आणि त्याच वाटेने उतरायचं. पायथ्याला आमच्या फोनची रेंज असून नसल्यासारखी, म्हणून सरांनी योजना केली. बारक्या हातातला छोटा सेट, म्हणजे हँडी, घेऊन शेवटच्या गड्याबरोबर चालणार. सर आणि मी गाडी घेऊन गुंजवण्यात थांबणार. आधी एका रविवारी आम्ही तिथे जाऊन पाहिलंही होतं. गाडीवरच्या अँटेनाने शहराजवळच्या डोंगरावरचा रिपीटर थोडा खरखरत, पण ऐकू येत होता. म्हणजे गडाच्या कुठल्याही बाजूला बारक्या असला तरी रिपीटरमार्फत आमच्यापर्यंत पोचणार. रिपीटर म्हणजे उंचावर बसलेला निरोप्या. एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो, दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर तेच बोलतो.

ट्रेकच्या दोन दिवस आधी मी अँटेना एसडब्ल्यूआर बघायला हॉस्टेलवर आणला. एसडब्ल्यूआर उत्तम निघाला. समाधानाने मी अँटेना कॉटखाली ठेवला.

ट्रेकच्या दिवशी पहाटे पाचला सरांनी मला गेटवरून उचललं. नसरापूर फाटा गेला, चहा झाला, मार्गासनी आलं. पाऊस भुरभुरत होता. सर म्हणाले, "उजाडलंय आता, अँटेना लाव." मी खाली उतरलो, डिकी उघडली. स्टेपनी, जॅक, मॅडमची भाजीची पिशवी. मी पिशवीसुद्धा उचलून पाहिली. मग पावसातच उभा राहिलो. अँटेना रोज काढलेलाच असायचा, त्यामुळे टपावर तो नाही हे पाहून कोणाला काही वाटलंच नाही. 'नसणं' हीच त्याची सवय झाली होती!

"सर... हॉस्टेलवर राहिला."

सर रागावले असते तर बरं झालं असतं. मुलांची बस पुढे गेली होती, परत फिरणं शक्य नव्हतं. ते म्हणाले, "हँडी आहे ना आपल्याकडे? चला."

अकराला बारक्याचा आवाज आला, माचीच्या कडेवरून, अगदी स्वच्छ. मधे काही आडवं नव्हतं. मी मनात म्हटलं, सुटलो. पण बाराच्या सुमारास ढग गडावर बसले. चोर दरवाजाकडची वाट म्हणजे कातळ, रेलिंग आणि गर्दी. पोरांनी शहाणपणाने ठरवलं की पायऱ्यांच्या वाटेने, पाली दरवाजाने उतरायचं. ती वाट गडाच्या दुसऱ्या बाजूला. बारक्याने रिपीटरवर निरोप दिला, "पालीकडून उतरतोय, बस आणि गाडी तिकडे आणा." रिपीटरने तो निरोप इमानाने सगळीकडे फेकला. शहरातल्या एका बुजुर्ग हॅम काकांनी तो ऐकलाही. त्यांनी बारक्याला सांगितलं, "निरोप मिळाला, पोचवतो," आणि लगेच सरांना फोन लावला. सरांचा फोन रेंजबाहेर. आणि आम्ही? आम्ही गुंजवण्यात गाडीच्या आत बसलो होतो, हँडीची वीतभर रबरी शेपटी काचेला टेकवून. बाहेर पत्रा, समोर डोंगर. रिपीटर आमच्यासाठी मुका होता.

उतरताना बारक्याचा पाय एका सुट्या दगडावरून गेला. घोट्याजवळचं हाड मोडलं. ९२ किलोच्या माणसाला पावसात पायऱ्यांवरून खाली आणणं म्हणजे काय, हे त्या सहा पोरांना विचारा. खाली आल्यावर त्यांना वाटलं, गाडी उभीच असेल. गाडी नव्हती. शेवटी एकजण रस्त्याने रेंज मिळेपर्यंत चालत गेला, तिथून त्याने बसच्या ड्रायव्हरला फोन लावला. त्याचा फोन दुसऱ्या कंपनीचा होता म्हणून लागला. आम्ही वळसा घालून पोचलो तेव्हा एक तास चाळीस मिनिटं उलटून गेली होती. बारक्या एका गोठ्याच्या वळचणीला बसला होता, पाय दोन काठ्यांमध्ये बांधलेला, ओठ पांढरे. मला पाहून म्हणाला, "काय रे, झोपला होतास काय?"

मी त्याला खरं सांगितलं नाही. त्या दिवशी नाही. चार दिवसांनी, प्लास्टर झाल्यावर, खोलीवर सांगितलं. तो बराच वेळ छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे अँटेना माझ्याच कॉटखाली होता?" मी म्हटलं, "नाही, माझ्या." "मग ठीक आहे," तो म्हणाला आणि कूस बदलून झोपला. दोन दिवस बोलला नाही. मेसमधून डबा आणून द्यायचो, तेवढा घ्यायचा.

त्यानंतरच्या रविवारी मी सरांकडे गेलो. म्हटलं, "सर, अँटेना पुन्हा निवडायचाय." या वेळी कॅटलॉग नेला नव्हता. मोजमापाची टेप नेली होती.

तळघराच्या तोंडाशी पाटी आहे, 'उंची २.२० मी.' आम्ही आत शिरून मोजत गेलो. तुळई २.१५. पुढे वायरींचा ट्रे, २.०९. आणि सरांच्या जागेच्या अलीकडे आगीसाठीच्या पाण्याचा पाइप, त्याला लटकलेला स्प्रिंकलर. त्याचं टोक जमिनीपासून २.०२. दोन मीटर दोन सेंटिमीटर! पाटी फक्त दाराची उंची सांगते, आतलं आपलं आपण बघायचं. आणखी एक गंमत कळली. रॅम्प संपतो तिथे पुढची चाकं सपाटीवर आणि मागची उतारावर असतात. गाडीची मागची बाजू तेव्हा पाचेक सेंटिमीटर उंच राहते, आणि नेमकी तिथेच तुळई. म्हणजे मागच्या दारावर लावलेल्या अँटेनाचा हिशेब सपाटीवर उभं राहून करून चालत नाही.

गाडीचं टप १६६ सेंटिमीटर. २०२ वजा १६६, उरले ३६. आता एकेक उमेदवार बोलावले.

पाच-अष्टमांश, १३० सेंटिमीटर. नापास. पहिल्याच दिवशी नापास होता, पेपर तपासणाराच आंधळा होता.

टपावर पावपट, ५० सेंटिमीटर. चौदा सेंटिमीटरने नापास. मी म्हटलं, "सर, लवचीक स्टीलची तार घेऊ, तळाला स्प्रिंग. तुळईला घासून वाकेल आणि पुन्हा उभी राहील." तुळईपुरतं ते बरोबर होतं. सरांनी बोट वर केलं. स्प्रिंकलरच्या तोंडाशी काचेची इवलीशी कुपी असते. आग लागली की तापून फुटते आणि पाणी सोडते. स्टीलची तार सटकन तिच्यावर बसली तर ती आगीची वाट बघणार नाही. खाली उभ्या गाड्यांना आंघोळ आणि सरांना नोटीस!

तळाशी बिजागरी असलेला, आडवा पाडता येणारा. उत्तम वस्तू, पण पाडायला खाली उतरावं लागतं, उभा करायलाही. म्हणजे पुन्हा माझ्याच सवयीवर भरवसा. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पुढे गेलो.

गुंडाळलेल्या तारेचा आखूड अँटेना, वीसेक सेंटिमीटर. टपावर आरामात मावतो. पण लांबी कमी केली की किंमत मोजावी लागते. शक्तीचा काही भाग वेटोळ्यात उष्णता होऊन जातो आणि पट्टाही अरुंद होतो. पायथ्यासारख्या जागी, जिथे रिपीटर आधीच खरखरतोय, तिथे हे परवडणारं नव्हतं.

काचेवर चिकटवायचा. सरांच्या काचेवर फिल्म होती. फिल्ममध्ये धातूचा अंश असेल तर सिग्नल काचेतून पलीकडे नीट जातच नाही. शिवाय ग्लू सुटला की संपलं.

मी थकून बॉनेटवर टेकलो. आणि टेप हातातच होती म्हणून, अगदी सहज, बॉनेटच्या काचेकडच्या कडेची उंची मोजली. १०४. त्यावर बॅकेट ३, तार ५०. एकूण १५७! गाडीच्या टपापेक्षाही नऊ सेंटिमीटर खाली. जिथे गाडी जाईल तिथे अँटेना जाईल. काढायचा नाही, पाडायचा नाही, आठवायचा नाही.

सर हसले. पण लगेच म्हणाले, "आता याचे दोष सांग." हा त्यांचा व्हायवाचा आवाज. मी सांगितले. टपाच्या मध्यासारखा सगळीकडून सारखा आरसा मिळणार नाही. एका बाजूला गाडीचं अख्खं केबिन आडवं येतं, त्यामुळे मागच्या दिशेला सिग्नल कमी. बॉनेट बिजागऱ्यांवर असतं, तिचा बॉडीशी विजेचा जोड कच्चा, म्हणून तांब्याची जाळीदार पट्टी लावायची, बॅकेटच्या स्क्रूखालचा रंग खरवडायचा आणि गंज लागू नये म्हणून वर ग्रीस. अँटेना ड्रायव्हरच्या जवळ येतो, म्हणून तो डाव्या बाजूला लावायचा आणि एरवी १० वॉटच ठेवायचे. "आणि फायदा?" सरांनी विचारलं. मी म्हटलं, "सर, तो गाडीवर असेल."

बसवल्यावर चाचणी घेतली. बारक्या कुबडी घेऊन हॉस्टेलच्या गच्चीवर, आम्ही सहा किलोमीटरवर मोकळ्या मैदानात. त्याच्या मीटरवर मोठ्या अँटेनाच्या सात रेघा, बॉनेटवरच्याच्या पाच. गाडीची शेपटी हॉस्टेलकडे केली तर चार. गाडीत बसून हँडी धरला तर एक, तीही कधी असे कधी नसे. दोन रेघांचं मला वाईट वाटलं. बारक्या रेडिओवर म्हणाला, "पाच पुरे रे. त्या दिवशी मला दोन असत्या तरी चाललं असतं." रेडिओवर एकाच वेळी दोघांना बोलता येत नाही, हे त्या क्षणी फार सोयीचं वाटलं.

पावसाळा संपता संपता सर आणि मी पुन्हा गुंजवण्याला गेलो. गाडी नाक रिपीटरच्या दिशेला करून लावली. खरखर होती, पण शब्द कळत होते. शहरातले तेच बुजुर्ग काका भेटले. त्यांना मी सगळी हकिकत सांगितली. ते म्हणाले, "अहो, गाडीवर राहतो तोच खरा अँटेना. माझा सगळ्यात भारी अँटेना माळ्यावर आहे." परतताना सर म्हणाले, "छोटा म्हणजे पगार, मोठा म्हणजे दिवाळीचा बोनस. घर पगारावर चालवायचं."

आपण इंजिनिअरिंगवाले आकडा मोठा दिसला की भाळतो. जास्त गेन, जास्त मेगापिक्सेल, जास्त पॅकेज. माझा आकडा बरोबरच होता, ३ डेसिबलमध्ये काही खोट नव्हती. पण मी अँटेना निवडला होता मोकळ्या आभाळासाठी, आणि गाडी रोज रात्री झोपत होती २.०२ मीटरच्या छपराखाली. जी वस्तू वापरण्यासाठी माणसाने रोज न चुकता आठवण ठेवावी लागते, ती एक दिवस चुकणारच. तो दिवस कुठला असेल हे आपल्या हातात नसतं.

मोठा अँटेना फेकला नाही. वॉर्डन सरांच्या परवानगीने तो आता आमच्या गच्चीवर आहे, लोखंडी पत्र्यावर चुंबकाने घट्ट बसलेला. वर तुळई नाही, पाइप नाही, नुसतं आभाळ. तिथे तो शोभतो. तुम्ही लेखाच्या सुरुवातीला पाहिलात तेव्हा मी त्याला कॉटखालून काढत होतो तो शेवटचाच. बारक्याचा पाय बरा आहे, वजन ९६ झालं आहे. यंदाच्या ट्रेकला तो पुन्हा शेवटच्या गड्याबरोबर चालणार आहे. निघायच्या आदल्या रात्री मी सरांच्या तळघरात जाऊन गाडीला एक फेरी मारून येणार. अँटेना आहे हे मला माहीत आहे. तरी बघून येणार.